आधी कोण उठणार?

वसईचा इतिहास म्हटलं की गाडी थेट १७३९ ला जाऊन थांबते. चिमाजी अप्पा, किल्ला, पोर्तुगीज, देवळांत गेलेल्या चर्चच्या घंटा. त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत, तेव्हा मी त्या वाटेला जात नाही. या वीकांताचा विषय आहे एक पत्र्याचा डबा. ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये किंवा सोसायटीच्या मीटर रूममध्ये हिरवे दिवे लुकलुकवत बसलेला नेटवर्क स्विच. त्यातही त्याच्या आयुष्यातला एकच क्षण: वीज येते आणि तो जागा होतो, तो.

आता यात इतिहास कसला? प्लग लावला, डबा चालू झाला, संपलं. (कित्येक मोठ्या स्विचना तर चालू-बंदचं बटणही नसतं.) पण एकटा स्विच जागा होणं वेगळं आणि एकमेकांना बांधलेले आठ-नऊ स्विच एकदम जागे होणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात उठल्याउठल्या पहिला प्रश्न येतो, "आपल्यातला मुख्य कोण?" आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा कोण आधी उठलं यावर ठरतं. हा प्रश्न स्विचपुरता नाही. विजेच्या जाळ्यालाही तो पडतो, शहरांनाही पडतो. आणि तो नीट समजून घ्यायचा असेल तर वसई-विरारइतकी चांगली जागा नाही, कारण इथे कित्येक वर्षं वीज रोज जायची आणि रोज यायची.

न झोपणारा स्विच

स्विच हा शब्द आम्हा कॉम्प्युटरवाल्यांनी टेलिफोनवाल्यांकडून उचललेला आहे. त्यांच्या भाषेत अख्खं एक्स्चेंज म्हणजे स्विच. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज आलं १८८२ मध्ये. त्या काळचा स्विच म्हणजे हाडामांसाचा माणूस: समोरच्या फळीवर पिना खुपसून या घरची लाइन त्या घराला जोडून देणारा ऑपरेटर. अमेरिकेत कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा धंदा करायचा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याला जोडून देते असा त्याला संशय आला, अशी कथा सांगतात. त्याने चिडून माणसाविना चालणाऱ्या स्विचचं पेटंट १८९१ मध्ये मिळवलं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरूही झालं. पुढे जवळपास शंभर वर्षं जगभर, आपल्याकडेही, त्याच्या नावाची खटखट करणारी एक्स्चेंज चालली.

या एक्स्चेंजांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ती भिंतीतल्या २३० व्होल्टवर थेट चालत नाहीत. ती चालतात उणे ४८ व्होल्ट डीसीवर. दोन-दोन व्होल्टचे चोवीस शिसे-आम्लाचे सेल ओळीने जोडले की ४८ होतात. बाहेरची वीज हे सेल भरत राहते, आणि एक्स्चेंज सेलांवर चालतं. बाहेरची वीज गेली तर एक्स्चेंजला ते कळतसुद्धा नाही, फक्त सेल भरले जायचे थांबतात. फार वेळ लागला तर डिझेल जनरेटर. 'उणे' का, तर धन टोक जमिनीला जोडलं की ओलाव्यात तांब्याच्या तारा गंजून झिजण्याचं प्रमाण कमी होतं. आणि ४८ का, तर लांबवर फोन चालवण्याइतकं पुरेसं, पण तार चुकून हाताला लागली तरी सहसा जिवावर बेतणार नाही इतकं कमी.

तुमच्या घरातल्या जुन्या फोनलाही वीज याच सेलांतून, त्याच तांब्याच्या तारेतून यायची. म्हणून लाइट गेली तरी फोन चालू. वसईत हे सगळ्यांना पाठ होतं. अंधार झाला की पहिलं काम म्हणजे रिसीव्हर उचलून मावशीला विचारायचं, "तुमच्याकडे पण गेलीय का?"

थोडक्यात, एक्स्चेंजच्या बाबतीत 'स्विच चालू करणे' हा आयुष्यातून एकदा होणारा सोहळा होता. नवीन एक्स्चेंज बांधायचं, महिनोन् महिने चाचण्या घ्यायच्या, आणि मग रात्री वर्दळ कमी असताना जुन्यावरून नव्यावर लाइनी वळवायच्या. त्यानंतर ते पंधरा-वीस वर्षं बंद करायचंच नाही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने गावांसाठी जे १२८ पोर्टचं छोटं एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसवलं, त्याची ख्याती हीच, की धूळ, उकाडा आणि लहरी वीज सहन करत ते एसीशिवाय चालायचं. बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलं होतं, की आपल्याकडे वीज जाणार. स्विच मात्र जाता कामा नये.

कल्पना नावाची कंपनी

आता कॉम्प्युटरच्या बाजूने या. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटचा पाया घातला. सुरुवातीला एकच जाड केबल, सगळी यंत्रं तिला लटकलेली, एक बोललं की सगळे ऐकणार. गर्दी वाढली की बोलाचाली एकमेकांवर आदळायच्या. यावर तोडगा आला १९९० च्या सुमारास. ज्याचं पॅकेट त्यालाच पोचवणारा, अनेक पोर्टांचा पहिला इथरनेट स्विच. पोर्ट किती? सात! आणि कंपनीचं नाव होतं चक्क 'कल्पना'. विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर या दोघांनी अमेरिकेत काढलेल्या या कंपनीला भारद्वाजांच्या पत्नीचं नाव दिलेलं होतं. १९९४ मध्ये सिस्कोने कल्पना विकत घेतली. आज तुमच्या ऑफिसात जो स्विच आहे त्याच्या घराण्यात वर कुठेतरी ही कल्पना आहेच.

पण टेलिफोनचा स्विच कॉम्प्युटरचा स्विच होताना वाटेत दोन गोष्टी गळून पडल्या. एक, सेलांची खोली. दुसरी, तिची काळजी घेणारा माणूस. नवा स्विच ऑफिसच्या भिंतीतल्या साध्या प्लगवर आला. लाइट गेली की तो मेला, आली की पुन्हा जन्मला. आणि प्रत्येक जन्मात पाटी कोरी! स्वतःची तपासणी, मग सॉफ्टवेअर चढवणं, मग कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर बसलंय हे नव्याने शिकणं. मांडणी तेवढी जतन केलेली असते, बाकी आठवण शून्य.

असे चार स्विच एकमेकांना जोडले आणि चुकून वर्तुळ झालं तर अजून एक भानगड. सगळ्यांसाठी पाठवलेलं एक पॅकेट त्या वर्तुळात फिरत राहतं, त्याच्या नकला होत राहतात, आणि थोड्याच वेळात सगळं नेटवर्क गुदमरतं. यावरचा उपाय डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये दिला, म्हणजे कल्पनाच्याही आधी. त्याचं नाव स्पॅनिंग ट्री. जागे झालेले स्विच आपापसात निरोप पाठवतात, एकाला मूळ म्हणून निवडतात, आणि त्या मुळापासून झाड बनेल एवढेच रस्ते उघडे ठेवून बाकीचे बंद करतात. पोर्ट उघडण्याआधी पंधरा सेकंद नुसतं ऐकायचं, पंधरा सेकंद शिकायचं, मग बोलायचं. म्हणजे लाइट आल्यावर पीसी कधीचा तयार, पण नेट अर्धा मिनिट तरी नाही. (२००१ मध्ये याची वेगवान आवृत्ती आली म्हणून बरं.)

मूळ निवडण्याचा नियम मोठा मजेदार आहे. ज्याचा क्रमांक सर्वांत लहान, तो मूळ. क्रमांकाचा पहिला भाग आपण ठरवायचा प्राधान्याचा आकडा. आपण काहीच केलं नाही तर सगळ्यांचा ३२७६८. मग बरोबरी सुटते कारखान्यात मिळालेल्या मॅक क्रमांकावर. आणि एकाच कंपनीचे डबे असले तर आधी बनलेल्याचा क्रमांक बहुधा लहान. म्हणजे तुम्ही काही ठरवलं नाहीत, तर अख्ख्या ऑफिसचं मूळ म्हणून निवडून येतो तो कपाटामागे धूळ खात पडलेला सर्वांत जुना डबा! घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या काकांना मान द्यावा हे खरं, पण लग्नघरातली सगळी पळापळ त्यांच्याच गळ्यात घालावी का?

इथे या लेखाचं सूत्र आलं, ते सांगून टाकतो. क्रम कोणी ठरवला नाही म्हणजे क्रम नसतो असं नाही. तो आपोआप ठरतो, आणि सहसा चुकीचा ठरतो.

एकत्र कुटुंब आणि वेगळी बिऱ्हाडं

२००३ मध्ये सिस्कोने ३७५० या नावाचा स्विच काढला. त्याआधीही स्विच एकमेकांवर रचायचे प्रकार होतेच, पण या मालिकेने स्टॅक ही गोष्ट ऑफिसाऑफिसात नेली. नऊपर्यंत स्विच पाठीमागून खास केबलने गोल जोडायचे, की बाहेरच्यांना ते एकच मोठे स्विच दिसतात. एक पत्ता, एक मांडणी, एक कारभारी. कारभाऱ्याला मास्टर म्हणायचं. मास्टर मेला तर दुसरा कोणीतरी सूत्रं हाती घेतो. हे झालं एकत्र कुटुंब. याउलट एकटा स्विच म्हणजे वेगळं बिऱ्हाड. शेजाऱ्याशी केबलीपुरता संबंध, बाकी ज्याचं त्याने बघावं.

बिऱ्हाडाचं उठणं सोपं. वीज आली, उठलं. कुटुंबाचं तसं नाही. ३७५० च्या पुस्तिकेत याचे नियम आहेत. आधीच कोणी मास्टर असेल तर तोच राहतो. नसेल तर १ ते १५ मधला ज्याचा प्राधान्याचा आकडा मोठा तो. तिथे बरोबरी झाली तर आधीची मांडणी आहे का, सॉफ्टवेअर कोणतं, किती वेळ जागा आहे अशा कसोट्या. आणि शेवटी पुन्हा आपला लहान मॅक क्रमांक.

पण खरी मेख वेगळीच आहे. या निवडणुकीला मुदत असते. ३७५० च्या नंतरच्या पुस्तिकांत ती २० सेकंदांची दिली आहे. तेवढ्या वेळात जे जागे झाले तेच उमेदवार. एकविसाव्या सेकंदाला उठलेला स्विच कितीही लायक असो, त्याचा आकडा १५ का असेना, तो नुसता सभासद होतो. कारण पहिला नियम आठवा: जो आधीच मास्टर आहे तोच राहतो. लायक माणूस उशिरा आला म्हणून खुर्ची रिकामी होत नाही. (३८५० या पुढच्या मालिकेत ही मुदत १२० सेकंद झाली. अनुभवातून आलेलं शहाणपण म्हणायचं.)

दुसरा धोका दोन जागे स्टॅक एकमेकांना जोडण्यात. दोघांचाही आपापला मास्टर, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. पुन्हा निवडणूक होते, आणि हरलेल्या बाजूचे सगळे स्विच, त्यांच्या माजी मास्टरसकट, बंद होऊन पुन्हा चालू होतात. त्यांच्यावर काम करणाऱ्या लोकांचं नेट तेवढा वेळ गेलं. म्हणून जाणते लोक सांगतात ते असं. केबली जोडताना सगळे स्विच बंद ठेवा. ज्याला मास्टर करायचंय त्याला १५ द्या, दुसऱ्या क्रमांकाच्याला १४. आधी मास्टरला वीज द्या, तो उभा राहू द्या, त्याच्या पाटीवरचा मास्टरचा दिवा हिरवा दिसला की मग बाकीच्यांना. आणि चालू स्टॅकमध्ये नवीन गडी आणायचा तर तो झोपलेला आणा, जोडा, मग उठवा.

या सगळ्या नियमांमागे एक न बोललेलं गृहीतक आहे. नऊही स्विच एकाच कपाटात आहेत, एकाच यूपीएसवर आहेत, आणि वीज आली तर सगळ्यांना एकदम येणार आहे. स्टॅकची केबलसुद्धा फार तर तीन मीटर लांब.

आता या गृहीतकाला घेऊन विरार लोकलमध्ये बसू.

खाडीच्या दोन बाजू

भाईंदर सुटलं की लोकल खाडीवरच्या पुलावर येते. नायगावला पोचेपर्यंत बाहेर फक्त पाणी, पण या दोन-चार मिनिटांत आपण बऱ्याच अदृश्य रेघा ओलांडलेल्या असतात. भाईंदरचा फोन ०२२ आणि एमटीएनएलचा, नायगावचा ०२५० आणि दूरसंचार खात्याचा, म्हणजे २००० नंतर बीएसएनएलचा. भाईंदरची वीज बीएसईएसची, पुढे रिलायन्सची, आता अदानींची. नायगावची वीज मंडळाची, जून २००५ मध्ये मंडळाचे तुकडे झाल्यावर महावितरणची.

त्या काळात या रेघेचा अर्थ काय होता हे इकडच्यांना सांगायला नको. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प २००१ च्या मे महिन्यात बंद पडला, राज्यात विजेची मागणी वाढत गेली, नवी निर्मिती झाली नाही, आणि २००५ नंतर भारनियमन हा महाराष्ट्राच्या दिनक्रमाचा भाग झाला. मुंबईला तिच्या खाजगी कंपन्यांची स्वतःची वीज होती, आणि राजधानी अंधारात ठेवायची नाही हे धोरणही होतं. खाडीच्या अलीकडे मात्र वेळापत्रक. महावितरणने भागांचे गट पाडले होते. जिथे वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, तो गट खालचा आणि त्याला अंधार जास्त. म्हणजे प्राधान्याचा आकडाच की! फक्त तो स्विचला नाही, गल्लीला दिलेला. तुम्ही वेळच्या वेळी बिल भरत असलात तरी तुमच्या फीडरवरचे बाकीचे लोक कसे आहेत त्यावर तुमची संध्याकाळ ठरायची.

यातला सर्वांत बोचरा भाग भूगोलाचा. डहाणूचं औष्णिक वीजकेंद्र १९९५ पासून चालू आहे. २५० मेगावॉटचे दोन संच, एकूण ५००. २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झालेल्या आजच्या पालघर जिल्ह्यातलंच हे केंद्र. पण ते बीएसईएसने बांधलं ते मुंबईच्या उपनगरांसाठी, आणि तिथली वीज उच्चदाबाच्या तारांतून दक्षिणेला उपनगरांकडे जायची. मधला वसई तालुका तिचा गिऱ्हाईक नव्हता. घरची वीज घरावरून गेली, पण घरात आली नाही. यात कायद्याने काही चूक नव्हतं, कंपनीने स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःचं केंद्र बांधलं होतं. पण अंधारात बसलेल्या माणसाला कायद्याचा उजेड पुरत नाही.

आणि नेमक्या याच वर्षांत वसई-विरारमध्ये इंटरनेट घरोघरी येत होतं. बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं जानेवारी २००५ मध्ये. ते जुन्याच तांब्याच्या तारेवर चालायचं, पण मोडेमला भिंतीतली वीज लागायची. म्हणजे फोन जिवंत आणि त्याच तारेवरचं नेट मेलेलं! त्याहून जास्त लोकांनी घेतलं ते गल्लीतल्या केबलवाल्याचं नेट. कनेक्शन म्हणजे गच्चीवरून गच्चीवर टाकलेली निळी किंवा करडी केबल. इथरनेटची तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंतच चालते, त्यामुळे दर एक-दोन इमारतींनंतर एक छोटा आठ पोर्टांचा स्विच, पत्र्याच्या पेटीत, त्या-त्या इमारतीतून वीज घेऊन. सगळे एकटे स्विच, सगळी वेगळी बिऱ्हाडं, पण मारुतीच्या शेपटीसारखी एकामागे एक जोडलेली.

आता लाइट येते तेव्हा काय होतं बघा. तुमच्या इमारतीचा ट्रान्स्फॉर्मर चालू झाला. पीसी चालू, तुमच्या गच्चीवरचा स्विचही चार-पाच सेकंदांत चालू. नेट? नाही. कारण दोन इमारती पलीकडचा स्विच वेगळ्या फीडरवर आहे आणि तिथे अजून अंधार आहे. स्टॅक बनवणाऱ्या इंजिनिअरने जे गृहीत धरलं होतं त्याच्या बरोबर उलटं. वीज सगळ्यांना एकदम येत नाही, हप्त्याहप्त्याने येते, आणि साखळीतला सर्वांत उशिरा उठणारा स्विच सगळ्यांचा मास्टर होतो. कोणीही निवडून न देता.

या परिस्थितीतून आमच्या भागातल्या केबलवाल्यांनी जे शोधलं ते कुठल्या पुस्तिकेत नव्हतं. स्विच बसवायचा तो ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे अशा घराजवळ, आणि त्या घराला नेट फुकट किंवा अर्ध्या पैशात. मधल्या महत्त्वाच्या पेट्यांत स्कूटरची बॅटरी. स्वस्त, बिनडोक स्विच मुद्दाम वापरायचे, कारण ते क्षणात उठतात आणि निवडणूक वगैरेच्या भानगडीत पडत नाहीत. यातल्या कोणी कित्तूरचं नाव ऐकलेलं असेल असं नाही. पण गृहीतक तेच होतं: वीज जाणार, स्विच जाता कामा नये. सेलांची खोली गळून पडली होती, ती गल्लीने तुकड्यातुकड्याने परत उभी केली.

शहराचा स्टॅक

मुंबईला आपण खाडीपलीकडून फार हेव्याने बघायचो, तर तिच्याबद्दल थोडं. मुंबईकडे १९८१ पासून एक खास व्यवस्था आहे. बाहेरचं जाळं कोसळायला लागलं, की शहराने आपोआप त्यापासून तुटून स्वतःचं बेट करायचं आणि स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालू राहायचं. स्टॅकच्या भाषेत, बाकी कुटुंबात गोंधळ माजला तर वेगळं बिऱ्हाड करून तग धरायचा. ही व्यवस्था अनेकदा कामी आली.

१२ ऑक्टोबर २०२० ला ती कामी आली नाही. लॉकडाऊनचे दिवस, निम्मं शहर घरून काम करत होतं. कळवा-पडघे-खारघर भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या, सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा पुरवठा गेला, आणि बेट टिकलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, इस्पितळं जनरेटरवर गेली. रेल्वे आणि बराचसा भाग दुपारपर्यंत सावरला, काही उपनगरांना रात्र झाली.

अशा वेळी शहर 'चालू' कसं करतात? बटण दाबून नाही. मोठ्या औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच वीज लागते, पंप, पंखे, कोळशाच्या गिरण्या चालवायला. म्हणून वीजतज्ज्ञांच्या शास्त्रात पहिला मान जलविद्युत केंद्राला. झडपा उघडल्या, पाणी आलं, चाक फिरलं. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रं म्हणूनच शंभर वर्षांनंतरही मोलाची आहेत. त्यांच्या विजेवर मोठी केंद्रं उठवायची, मग थोडा-थोडा भार जोडायचा. सगळी वस्ती एकदम जोडली तर सगळ्यांचे फ्रीज, पंप आणि एसी एकाच क्षणी ओढ घेतात आणि नुकतं उठलेलं जाळं पुन्हा झोपतं. दोन वेगवेगळी उठलेली बेटं जोडायची तर आधी दोघांची लय जुळवायची. जुळली नाही तर काय होतं? दोन जागे स्टॅक जोडल्यावर होतं तेच, फक्त नुकसान शेकडो कोटींचं.

म्हणजे सर्व्हर रूममधला इंजिनिअर आणि भार-प्रेषण केंद्रातला इंजिनिअर एकच यादी हातात घेऊन बसलेले असतात. आधी कोण, मग कोण, आणि किती थांबून.

पुन्हा ४८

भारनियमन २०१२ च्या आसपास ओसरलं. गल्लीतल्या पत्र्याच्या पेट्याही हळूहळू गेल्या. आता घराघरात फायबर आहे, आणि त्यात एक सुंदर गोष्ट आहे. ऑपरेटरच्या खोलीपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये जो फाटा फुटतो तो काचेचा, त्याला वीज लागतच नाही. जिन्यातला स्विच उठायचा प्रश्नच मिटला, कारण जिन्यात स्विचच नाही. आणि ऑपरेटरच्या खोलीतलं यंत्र कशावर चालतं? बहुतेक ठिकाणी उणे ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर. ऑफिसातही तेच. २००३ मध्ये आलेल्या पद्धतीत स्विच केबलमधूनच फोनला वीज देतो, एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत, आणि व्होल्ट पुन्हा साधारण ४८. स्ट्राउजरच्या वारसांनी सोडलेली पेटी आम्ही तीस वर्षांनी परत उघडली.

एकच टोक उरलं, तुमच्या घरातलं. जुन्या फोनला एक्स्चेंज वीज पाठवायचं. काचेच्या तारेतून वीज येत नाही. घरातल्या फायबरच्या डबीला वीज तुमचीच. आणि हे काही नुसतं सिनेमा अडकण्यापुरतं नाही. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारचा मोठा भाग पाण्याखाली गेला, रेल्वे थांबली, कित्येक वस्त्यांची वीज गेली, मिठागरांत माणसं अडकली. अशा रात्री मोबाईलच्या टॉवरच्या बॅटऱ्या काही तास चालतात, मग तेही गप्प होतात. त्या वेळी ज्याचा फोन लागतो त्याच्याकडे होडी येते. शंभर वर्षं जी जबाबदारी एक्स्चेंजमधल्या सेलांच्या खोलीची होती, ती आता न विचारता, न सांगता प्रत्येक घराची झाली आहे. ज्याला इन्व्हर्टर परवडतो त्याचा आकडा १५, ज्याला नाही त्याचा कारखान्यातून आलेला १.

तेव्हा या वीकांताला दोन कामं सुचवतो. ऑफिसात स्टॅक असेल तर त्यात मास्टर कोण आहे आणि तो कोणी ठरवला हे बघा. बऱ्याचदा उत्तर येईल, "कोणीच नाही, झालाय आपोआप." आणि सोसायटीच्या पुढच्या सभेत, पार्किंगवरचं भांडण संपलं की, एक साधा प्रश्न विचारा. दोन दिवस लाइट गेली तर आपल्या इमारतीत एक तरी फोन चालू राहील अशी सोय कोणाकडे आहे, आणि तळमजल्यावरच्या आजींना तो वापरता येईल का? हा क्रम आपण ठरवला नाही तर पाणी ठरवेल.